कलेजीच्या तेलाची बादली

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. झालं असलंच तर त्या चष्म्याच्या दुकानातल्या दिव्यांना झालं होतं, आणि तसं मी तिथल्या पोरीला तोंडावर सांगितलं. ती हसली. हल्ली डोळे तपासणाऱ्या सगळ्या पोरी हसतात. आमच्या वेळी डॉक्टर रागवायचे, त्यामुळे आजाराला जरा तरी मान असायचा. तिने मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. वरच्या दोन ओळी मी खणखणीत वाचल्या, तिसरी अंदाजाने वाचली, आणि चौथीही ओळ आहे असं ती म्हणाली तेव्हा मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, असं तिचं म्हणणं पडलं. ऑपरेशन सोपं असतं, पण रांग मोठी आहे, नंबर लागायला पानगळ उजाडेल. आता आली का पंचाईत. जूनमध्ये मला ऐंशी पूर्ण होणार होती, आणि ऐंशीनंतर गाडी चालवायची तर डॉक्टरचा दाखला लागतो. दाखल्याला नजर लागते. उभी हयात मी आमच्या स्वोल्वेर गावच्या पोस्टात काउंटरवर काढली. या बेटांवरच्या लोकांची गिचमिड अक्षरं मी जितकी वाचली तितकी त्यांच्या बायकांनीही वाचली नसतील. आणि आता सरकार मला विचारणार, आर्नफिन, तुला दिसतं का?

बरं, गाडी मला हौसेखातर नको होती. माझी थोरली बहीण मॅग्नहिल्ड, म्हणजे आमची ताई, बेटांच्या पार टोकाला रैने गावच्या वृद्धाश्रमात आहे. दर रविवारी मी तिच्याकडे जातो. रविवारी बस नाही असं नाही. पण आपली बस मधल्या गावाला पोचते तेव्हा पुढची नुकतीच सुटलेली असते. हे वेळापत्रक कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं याची मी चौकशी केली, तर तीन कार्यालयांनी मला एकमेकांची नावं सांगितली. माझी बायको बोर्गहिल्ड गाडी शिकलीच नाही. समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यात आपल्या हाताने शिरणं हे तिच्या मते माणसाचं काम नव्हे, उंदराचं आहे.

म्हणजे गाडी गेली की ताई गेली. सरळ हिशेब होता.

आणि ताई तरी कुठे पुरती उरली आहे? वर्षभर झालं, ती मला ओळखत नाही. मी पोस्टात होतो एवढं तिच्या डोक्यात कुठेतरी अडकून राहिलंय. मी आत गेलो की ती विचारते, "काय पोस्टमन, आज आमचं काही नाही वाटतं?" मी काउंटरवर होतो. आयुष्यात एक पाकीट मी कुणाच्या दारात टाकलेलं नाही. पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हा मी हा फरक तिला नीट समजावून सांगायला गेलो, आणि मग बाहेर येऊन गाडीत कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. आता मी म्हणतो, नाही हो बाई, आज नाही, पुढच्या रविवारी बघू. तिला बरं वाटतं. आणि शब्द दिला म्हणून पुढच्या रविवारी जावंच लागतं.

तर डोळे. आमच्या घरात चष्मा कुणाला लागला नाही, आणि त्याचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं: बाबांचं तेल. हिवाळ्यात कॉड माशांच्या होड्या भरभरून लागायच्या, आणि बाबा माशांच्या कलेज्या पिंपात भरून ती पिंपं शेडच्या दक्षिणेच्या भिंतीशी रांगेने लावायचे. त्यांना ना चूल ना वाफ. ऊन जसजसं परत येई तसतशा कलेज्या आपल्या आपण विरघळायच्या, आणि वर मधाच्या रंगाचं तेल तरंगायचं. वास म्हणाल तर तो वास नव्हताच, ते आमचं हवामान होतं. आई पहाटेच गोठ्यात असायची, म्हणून तेल पाजायचं काम ताईचं. पत्र्याचा चमचा भरून ती माझ्यासमोर उभी राहायची. "नाक धर, तोंड उघड." वर साखरेचा एक खडा मिळायचा. मग मी अंधारातच शाळेला निघायचो. शेवटच्या बाकावरून फळा वाचणारा वर्गात मी एकटा होतो.

आता बोर्गहिल्ड दुकानातून तेलाच्या गोळ्या आणते. पिवळे मणी नुसते. डब्यावर मोठ्या अभिमानाने लिहिलंय, लिंबाची चव. माशालाच माशाची लाज वाटायला लागली तर त्याच्यात दम तो काय राहिला? औषध पोटात आलंय हे शरीराला कळायला तर हवं ना! मी हे आमच्या डॉक्टरीणबाईंना पटवून द्यायला गेलो. त्या म्हणाल्या, तेल चांगलंच आहे, जरूर घ्या, पण तुमच्या डोळ्यातली काच गढूळ झालीय आणि ती तेलाने पुसली जात नाही. मी मनात म्हटलं, बाईंना त्या लिंबाच्या तेलाचाच अनुभव दिसतोय. ऑपरेशनच्या रांगेत नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो.

तळमजल्यावर ओड्वार राहतो. आयुष्यभर होडीच्या इंजिनात डोकं घालून बसलेला माणूस, आता विधुर आहे, आणि दिवसभर धक्क्यावर उभा राहून तरुणांचं कसं चुकतंय ते त्यांना सांगतो. त्याला माझा बेत एकदम पसंत पडला. त्याचे आजोबा म्हणे हेच तेल प्यायचे, सांध्यांना चोळायचे आणि बुटांनाही लावायचे, आणि त्र्याण्णवाव्या वर्षी गेले तेव्हा बूट अजून चांगले होते. त्याने ताज्या कलेज्यांची झाकणाची बादली भरून आणली. चूल मला घरात कोणत्याही अटीवर मिळणार नव्हती. बोर्गहिल्डने "चूल की मी" एवढंच विचारलं होतं आणि मी जरा विचार करतोय हे पाहून ती आणखीच चिडली. म्हणून बादली बाल्कनीत गेली, दक्षिणेला तोंड करून, अगदी बाबांच्या पद्धतीने.

बाबांच्या पद्धतीत समुद्रपक्ष्यांचा उल्लेख मला आठवत नाही. पण आमच्या बाल्कनीत ते तिसऱ्या दिवशी हजर झाले, आणि झाकण उघडत नाही म्हटल्यावर रागाने खालच्या सगळ्या खिडक्या रंगवून गेले. सोसायटीच्या अध्यक्षा हाल्दिसबाई वर आल्या. हाल्दिसबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि आपण निवृत्त झालोय हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. मी त्यांना शांतपणे दाखवून दिलं की नियमावलीत बाल्कनीत मांस भाजण्याबद्दल कलम आहे, सतरंज्या झटकण्याबद्दल आहे, कलेजीबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी नियमावली मिटली आणि बैठक बोलावली. बैठकीत तासभर चर्चा होऊन कलेजीबद्दलचं कलम झालं. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एका माणसासाठी झालेलं ते एकमेव कलम आहे. ही गोष्ट बोर्गहिल्डला लाजिरवाणी वाटते, मला तशी वाटत नाही.

पण बादली ठेवायची कुठे? शिवाय मार्चचं ऊन नावालाच होतं, कलेज्या ढिम्म हलत नव्हत्या. त्यांना ऊब हवी होती, आणि सोसायटीत फुकटची ऊब एकाच ठिकाणी आहे: तळघरात, सगळ्यांची कपडे वाळवायची खोली. तिथे गरम पाण्याचा जाड पाइप भिंतीलगत जातो. ओड्वारने सुचवलं की झाकणावर काहीतरी लिहून टाक, म्हणजे कुणी शंका घेणार नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कुंपणाचा रंग. श्रमदानासाठी राखीव.' आमच्याकडे श्रमदानाच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. घराला कुलूप नसेल, पण श्रमदानाचं फावडं कुणी नेणार नाही. इतका पक्का विचार मी केला होता. फक्त श्रमदान खरोखर येतं, आणि त्या दिवशी रंग लागतो, एवढं सुचलं नाही.

श्रमदान मेच्या पहिल्या शनिवारी असतं. सगळी सोसायटी अंगणात उतरते, खराटे मारते, कुंपण रंगवते, आणि मग वॉफल खाते. न येणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, वर्षभर नुसतं बघतात. मी सकाळपासून मन लावून पाला गोळा करत होतो. तेवढ्यात हाल्दिसबाई रंग आणायला तळघरात गेल्या. पाच-सहा आठवडे पाइपाशी ऊब खात बसलेल्या त्या बादलीचं झाकण त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं. आवाज आम्हाला अंगणात ऐकू आला. वास त्याच्या मागोमाग आला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्याच खोलीत हाल्दिसबाईंनी सतरा मेच्या, म्हणजे आमच्या राष्ट्रीय दिनाच्या, मिरवणुकीसाठी आपला सणाचा पोशाख टांगून ठेवला होता. निळी लोकर, त्यावर त्यांच्या आईच्या हातचं भरतकाम. आईने तीन हिवाळे खपून केलेला. तेलाचे थेंब उडाले ते काठाला थोडेच लागले, पण लोकर वास पिते, आणि त्या लोकरीने तो पोटभर प्यायला. हाल्दिसबाई वर आल्या, पोशाख दोन्ही हातांवर आडवा घेऊन. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आर्नफिन, हे आईचं होतं हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओड्वारने मध्ये पडून सांगून पाहिलं की जुन्या काळी होड्यांच्या शेड याच तेलात लाल माती कालवून रंगवत, तेव्हा झाकणावरचं अगदीच खोटं नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही. वॉफल तशीच राहिली.

बादलीचं काय करायचं? नाल्यात ओतायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही, आणि माशाच्या तेलासाठी कचराकेंद्रावर कोणता डबा आहे हे केंद्रालाच माहीत नव्हतं. मी झाकण ठोकून ती गाडीच्या डिकीत ठेवली. तळाशी गाळ आणि वर बोटभर सोनेरी तेल. खरं सांगतो, एवढ्या सगळ्यात ते तेल पाहून माझा ऊर भरून आला होता. रंग अगदी बाबांच्या पिंपातला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी एकटाच निघालो. बोर्गहिल्डने सकाळपासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं. समुद्राखालचा बोगदा आधी दरीत उतरावा तसा उतरतो आणि मग तसाच चढतो. उतारावर समोरून मोठा ट्रक आला. त्याचे दिवे दोन नव्हते. ते फुटून साऱ्या काचेवर पसरले, फुललेल्या कापसासारखे, आणि त्या पांढऱ्यात रस्ता कुठे, भिंत कुठे, मला काही दिसेना. मी ब्रेकवर उभा राहिलो. ट्रक भोंगा वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला. मागे डिकीत काहीतरी आडवं झालं आणि सावकाश गळायला लागलं.

बाहेर आल्यावर मी गाडी कडेला घेतली. अंगातला स्वेटर काढून डिकी पुसली, थंडी वाजली म्हणून तोच परत घातला. यातलं कुठलं काम शहाण्या माणसाचं आहे ते मला विचारू नका. डोळ्यांना काहीही झालेलं नाही, हे वाक्य मी मनात म्हणून पाहिलं, तर ते पुरतं होईना.

वृद्धाश्रमातल्या नर्सने मला दारातच थांबवलं. माणूस चांगला, पण नाक असलेला. आत मंडळी जेवायला बसली आहेत, तुम्ही व्हरांड्यात बसा, बहिणीला मी तिथेच आणतो, म्हणाला. पोस्टाच्या निवृत्त अधिकाऱ्याला ओल्या कुत्र्यासारखं व्हरांड्यात बसवलं. मी बसलो. ताईला चाकाच्या खुर्चीतून आणलं, पायांवर कांबळं. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होतो.

ती विचारेना. तिने नाक वर केलं. एकदा, दोनदा. मग हात पुढे करून माझी स्वेटरची बाही धरली आणि नाकाशी नेली.

"आर्न्या," ती म्हणाली. "होतास कुठे? बाबांनी पिंपं उघडली का?"

वर्षभरात माझं नाव मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "उघडली, ताई. तेल छान आलंय."

मग आम्ही बोललो. पोस्टमनचं आणि बाईंचं नव्हे, आमचं. गोठ्यातली एकशिंगी गाय, बाबांचा खोकला, शेडच्या छपरावरचा बर्फ पाठीवर घसरून पडलेला तो दिवस. मी तिला डोळ्यांचं सांगितलं. म्हटलं, एवढं तेल तू पाजलंस, माझ्यासारखी नजर शाळेत कुणाची नव्हती, आणि बघ कसं झालं.

ताई हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली.

"तू कधी प्यायलास रे? गालात धरून दारापर्यंत जायचास आणि बर्फात थुंकायचास. ग्रिम टपूनच असायचा. तुझं सगळं तेल त्या कुत्र्याने प्यायलं. म्हणून तर म्हातारपणीही होड्या त्याला बाबांच्या आधी दिसायच्या."

साखरेचा खडा मला स्वच्छ आठवत होता, थुंकणं मुळीच आठवत नव्हतं. ज्या तेलासाठी मी सोसायटीत कलम करवून घेतलं, एका भल्या बाईच्या आईचा पोशाख नासवला, ते माझ्या पोटात कधी गेलंच नव्हतं. माझी नजर माझीच होती आणि ती आता गेली होती. मी हळूच म्हटलं, डॉक्टर म्हणतात डोळा कापावा लागेल.

"मग काप," ताई म्हणाली. "नाहीतर रविवारी कोण येणार माझ्याकडे? तो पोस्टमन?"

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना उघडायच्या आधी मी दारात उभा होतो.

नंबर लागला तो पानगळीचाच. जूनमध्ये ऐंशी झाली, गाडी बंद. त्याआधी सतरा मे येऊन गेला होता. हाल्दिसबाईंनी पोशाख दहा दिवस वाऱ्यावर ठेवला, हट्टाने तोच अंगात घातला आणि मिरवणुकीत एकट्या चालायची तयारी करून आल्या. घडलं उलटंच. म्हातारी मंडळी लहानपणीच्या त्या वासाने एकेक करून त्यांच्याजवळ सरकली. आमचा ओड्वार तर शेवटपर्यंत त्यांच्या शेजारून हलला नाही. माझी आई आल्यासारखी वाटतेय, असं त्याने त्यांना सांगितलं आणि भर चौकात डोळे पुसले. जूनच्या शेवटी जिन्याखालच्या फळ्यावर हाल्दिसबाईंच्या अक्षरात एक सूचना लागली: रविवारचं श्रमदान. आर्नफिन यांना रैनेला नेणे-आणणे, त्यांच्याच गाडीतून. ज्यांना जमेल त्यांनी नाव लिहावे.

आता श्रमदान म्हटल्यावर नाव न लिहून सांगतो कुणाला? सगळ्यांनी लिहिलं. पहिला रविवार त्यांनी स्वतः घेतला. मी म्हटलं, बाई, माझ्या गाडीत बसवणार नाही हो, डिकीतला वास काही जात नाही. शेजाऱ्यांनी उपाय सुचवले होतेच: व्हिनेगर, कॉफीची पूड, कोळसा. ओड्वारने तर गाडी विकायला सांगितली, पण विकत घेईल असा माणूस त्यालाही सुचेना. हाल्दिसबाईंनी काच खाली केली, तोंड वाऱ्याकडे केलं आणि म्हणाल्या, "तो वास पुसलात तर मी येणार नाही." बोर्गहिल्डने त्यांना ताईचं आणि त्या वासाचं सगळं सांगितलं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या बोगद्यातून बोर्गहिल्डही आली, मागच्या सीटवर, डोळे गच्च मिटून.

पानगळीत दोन्ही डोळे झाले. दाखला मिळाला, गाडी परत मिळाली. बोगद्यातल्या ट्रकला पुन्हा दोनच दिवे असतात. जुना स्वेटर मी डिकीत ठेवलाय. रैनेला पोचलो की अंगात चढवतो, नर्स आपण होऊन व्हरांड्याचं दार उघडतो. कधी कधी वासानेही काही होत नाही आणि ताई पत्राचंच विचारते. तेव्हा मी पुढच्या रविवारचा वायदा करतो. पण गेल्या रविवारी तिने बाही धरली. नव्या डोळ्यांनी मी तिचा चेहरा पहिल्यांदाच इतका जवळून पाहिला. किती सुरकुतली होती, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. सकाळचं तेल तिने घेतलं नव्हतं म्हणून नर्स बाटली आणि चमचा घेऊन आला. ताईने चमचा त्याच्या हातातून काढून घेतला, काठोकाठ भरला आणि माझ्यासमोर धरला.

"नाक धर," ती म्हणाली. "तोंड उघड."

मी उघडलं. ती माझ्या गळ्याकडे टक लावून बघत राहिली. दार जवळच होतं, बाहेर बर्फही पडला होता. मी गिळलं.